सरकलेली गादी चोळून जागेवर बसते का?

फॉरवर्ड जुनाच आहे: कमरेची गादी सरकली की जाणकाराकडून एक झटका मारून घ्या, कट्ट आवाज येतो आणि गादी जागेवर बसते.

आता मुळात गादी सरकतच नाही, ती वरच्या-खालच्या मणक्याला घट्ट चिकटलेली असते. बाहेरून चिवट कडं आणि आत मऊ गर, वयाने किंवा झिजेने त्या कड्याला चीर पडते आणि गर बाहेर येऊन शेजारच्या नसेवर दाबतो, म्हणून कंबरेपासून पार पोटरीपर्यंत कळ जाते. ट्यूबमधून बाहेर आलेली टूथपेस्ट बोटाने परत आत ढकलून बघा, तसंच हे. तो कट्ट आवाज सांध्यातल्या वायूच्या बुडबुड्याचा, गादीचा नाही.

मग लोकांना बरं वाटतं ते खोटं का? नाही हो, खरंच वाटतं. आखडलेले स्नायू सैल होतात, शिवाय बाहेर आलेला गर शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेतं, बहुतेकांचं दुखणं 6 ते 12 आठवड्यांत ओसरतं, आणि श्रेय झटक्याला जातं.

खात्री करायचीय तर स्वतःचा एमआरआय डॉक्टरांना बाजूने दाखवायला सांगा, मणके रांगेतच दिसतील, फक्त गादीचा फुगवटा मागे आलेला. ऑपरेशनमध्येही गादी बसवत नाहीत, नसेवरचा तुकडा काढतात.

पण लघवी अडली, जांघेत बधिरपणा आला किंवा पाऊल उचलेना झालं तर मालिश वगैरे सोडा, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.