'आसे फ्रीओ' की 'एस्ता फ्रीओ'?

स्पॅनिशमध्ये हवेबद्दल बोलायला लागलं की दोन क्रियापदं हमखास पायात येतात, 'आसेर' आणि 'एस्तार'. 'आसेर' म्हणजे करणे, 'एस्तार' म्हणजे सध्या अमुक अवस्थेत असणे. थंडी 'आहे' म्हणायचं तर 'एस्ता' हवं, असा आपला सरळ हिशोब. पण स्पॅनिश माणूस म्हणतो, 'आसे फ्रीओ'. शब्दशः 'थंडी करतं'. कोण करतं हे विचारायचं नाही, कारण या वाक्याला कर्ताच नसतो. (आपण तरी कुठे सुटलोय? आपली थंडी पडते, वारा सुटतो, आभाळ येतं.)

या दोघांतला फरक मराठी माणसाला खरं तर सोपा जायला हवा. आपल्याकडे 'थंडी' वेगळी आणि 'थंड' वेगळं. 'थंडी आहे' म्हटलं की हवेबद्दल, 'कॉफी थंड आहे' म्हटलं की कपातल्या कॉफीबद्दल. स्पॅनिशमध्ये नाम आणि विशेषण दोन्हीकडे 'फ्रीओ' हाच शब्द चालतो, म्हणून भेद क्रियापदावर येतो. 'आसे फ्रीओ' म्हणजे थंडी आहे. 'एल काफे एस्ता फ्रीओ' म्हणजे कॉफी थंड झालीय. थोडक्यात, 'आसे'च्या मागे नाम येतं: कालोर (उकाडा), सोल (ऊन), व्येन्तो (वारा), ब्वेन त्येम्पो (छान हवा). 'एस्ता'च्या मागे विशेषण: नुब्लादो (ढगाळ), सोलेआदो (उन्हाचा). म्हणून 'आसे सोल' आणि 'एस्ता सोलेआदो' दोन्ही बरोबर. 'आसे नुब्लादो' मात्र चूक.

आपली दांडी उडते ती 'खूप'पाशी. मराठीत खूप थंडी आणि खूप थंड, दोन्हीकडे एकच 'खूप'. स्पॅनिशमध्ये नामाआधी 'मूचो', विशेषणाआधी 'मुइ'. ऑगस्टमधल्या सेव्हिलबद्दल (दक्षिण स्पेनमधलं शहर) बोलताना 'आसे मूचो कालोर' म्हणायचं, 'मुइ कालोर' नव्हे. उलट 'एस्ता मुइ नुब्लादो', तिथे 'मूचो' चालत नाही. एवढं एक सांभाळलं तरी बोलणं एकदम सुधारतं.

काळ बदलला की 'आसे' बदलतं: 'अयेर इसो फ्रीओ' (काल थंडी होती), 'मान्याना आरा कालोर' (उद्या उकडेल). वचन मात्र बदलत नाही. तापमान 30 अंश असलं तरी 'आसे त्रेइन्ता ग्रादोस' असंच, एकवचनी. अनेकवचनी 'आसेन' कधी कधी स्पॅनिश भाषकांच्याही तोंडी ऐकू येतं, पण व्याकरणाला ते मंजूर नाही. उच्चाराचं म्हणाल तर 'आसेर'च्या (hacer) सुरुवातीचा 'एच' लिहायचा, बोलायचा नाही. आणि लॅटिन अमेरिकेतलं 'आसे' स्पेनच्या बहुतेक भागात 'आथे' होतं.

दोन्ही खपतात अशाही जागा आहेत. 'फ्रेस्को' (गारवा, गार) नाम आणि विशेषण दोन्ही असल्यामुळे 'आसे फ्रेस्को' म्हणा की 'एस्ता फ्रेस्को', कुणी टोकणार नाही. लॅटिन अमेरिकेत 'एस्ता आसिएन्दो फ्रीओ' (थंडी पडतेय) सर्रास ऐकू येतं. तिथे दोन्ही क्रियापदं एकाच वाक्यात नांदतात. धुक्याला दोघांपैकी कुणीच नको, तिथे 'आय न्येब्ला', म्हणजे धुकं आहे. पावसाला तर स्वतःचंच क्रियापद आहे: 'युएवे', आणि आत्ता पडत असेल तर 'एस्ता योव्येन्दो'. 'आसे युव्या' असं काही नाही.

थंडी हवेत नसून तुम्हाला वाजत असेल तर तिसरंच क्रियापद लागतं: 'तेंगो फ्रीओ', म्हणजे माझ्याकडे थंडी आहे. उकडत असेल तर 'तेंगो कालोर'. इथे 'एस्तॉय काल्येन्ते' म्हणण्याचा मोह टाळा. त्याचा अर्थ उकडण्याशी नव्हे, कामवासनेशी जाऊन भिडतो.