मालक बदलला, एवढेच का?
तेल सोडून सौर पॅनेल घेतले तरी परावलंबन तेवढेच राहते, फक्त मालक बदलतो, हा समज बरीच वर्षे फिरतो आहे. पॅनेलनिर्मितीत चीनचा वाटा 80 टक्क्यांहून अधिक आहे, हे खरेच. पण तेल जाळले की संपते. ऑक्टोबर 1973मध्ये अरब देशांनी इस्रायलबरोबरच्या युद्धाच्या निमित्ताने तेलाचा पुरवठा रोखला, तेव्हा काही महिन्यांतच पिंपाचा भाव सुमारे 3 डॉलरवरून 12 डॉलरच्या आसपास गेला आणि नेदरलँड्समध्ये काही रविवारी मोटारी घरीच ठेवाव्या लागल्या. उलट छपरावर एकदा बसवलेले पॅनेल, विकणाऱ्या देशाने उद्या व्यापार तोडला तरी, साधारण 25 वर्षे वीज देत राहते, अडते ते नव्या पॅनेलचे काम.