पाच वॉटच्या आत परवाना लागत नाही? लागूही शकतो!

गड्ड्याची यात्रा जवळ आली की सोलापुरात हमखास ऐकू येतं, ‘पाच वॉटच्या आतला वॉकीटॉकी बिनधास्त वापरा.’ साफ चूक. वॉटच्या आधी फ्रिक्वेन्सी, म्हणजे सेट कोणत्या रेडिओलहरींवर बोलतो, ते बघतात. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमध्ये ठरावीक कमी शक्तीपर्यंत परवाना नको, हे खरं. पण ऑनलाइन मिळणारा स्वस्त सेट दोन बटणं दाबली की १४५ वरही जातो. १४४ ते १४६ हा हॅमवाल्यांचा, म्हणजे हौस म्हणून रेडिओवर बोलणाऱ्यांचा पट्टा. तिथे एका वॉटलाही परवाना हवाच. आणि तो काढला तरी अक्कलकोट रोडच्या कारखान्यात ‘चादरींचा गठ्ठा खाली पाठव’ म्हणता येत नाही. हॅमवर धंद्याचं बोलणं वर्ज्य. हौसच असेल तर हॅम परवान्याच्या रिस्ट्रिक्टेड ग्रेडची परीक्षा द्या. वयाच्या १२व्या वर्षापासून देता येते, मोर्सची (टिंब-रेघांच्या सांकेतिक लिपीची) कटकट नाही.