शेरा, बढती आणि बोनस : सरकारी कामाच्या उमेदीची पार्श्वभूमी

सरकारी कर्मचाऱ्याचे काम सुधारावे म्हणून आजवर जे उपाय झाले, त्यांची सुरुवात गोपनीय अहवालापासून करावी लागते. इंग्रजी अमदानीपासून चालत आलेल्या या अहवालात वरिष्ठ दरवर्षी शेरा लिहीत. प्रतिकूल शेरा तेवढा कळवायचा, अशी रीत होती. त्यामुळे जीव ओतून काम करणाऱ्यालाही आपल्याबद्दल काय लिहिले गेले ते समजत नसे. सीमा रस्ते संघटनेतले अभियंता देव दत्त यांची बढती नुसत्या ‘चांगला’ या शेऱ्याने अडली, आणि तो शेरा त्यांना कळवलेलाच नव्हता. त्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये निकाल दिला, की प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे. इतकी साधी गोष्ट मान्य व्हायला एवढी वर्षे लागली, याचे वाईट वाटते.

कर्मचाऱ्यांचा लढा मात्र पोटाचा होता. कर्मचारी नेते र. ग. कर्णिक यांच्या नेतृत्वाखाली १९७७-७८ मध्ये महाराष्ट्रभर ५४ दिवसांचा संप झाला. केंद्राप्रमाणे महागाई भत्ता ही त्यातली मुख्य मागणी होती आणि ती रास्तच होती. पुढे प्रश्न आला कुंठिततेचा. एकाच पदावर वर्षानुवर्षे अडकलेल्यांसाठी राज्याने १९९४ पासून कालबद्ध पदोन्नती लागू केली. बारा वर्षांनी वरची वेतनश्रेणी मिळू लागली. २००१ मध्ये तिची जागा आश्वासित प्रगती योजनेने घेतली आणि सातव्या वेतन आयोगानंतर १०, २० आणि ३० वर्षांचे टप्पे ठरले. या योजनांनी अनेक घरे सावरली. पात्रतेसाठी अहवाल पाहतात, पण खरे वजन सेवेच्या वर्षांनाच राहिले.

बोनसचेही तसेच. मुंबईत सीएसएमटी आणि महापालिका मुख्यालय समोरासमोर उभे आहेत. रेल्वेचा बोनस १९७९-८० पासून उत्पादकतेशी जोडलेला आहे, पण तो संपूर्ण रेल्वेच्या कामगिरीवर ठरतो. पालिकेत दिवाळीला मिळते ते सानुग्रह अनुदान, म्हणजे खुशीने दिलेली ठरावीक रक्कम : २०२४ मध्ये २९ हजार रुपये, २०२५ मध्ये ३१ हजार. दोन्हीकडे एकट्या कर्मचाऱ्याच्या कामाची वेगळी मोजदाद नाही.

वेगळी वाट दाखवली ती अहमदनगरने. १९८० च्या दशकात तिथले जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयाची बैठकव्यवस्था, अभिलेख आणि कामाची वाटणीच बदलली. कुठला कागद कुणाकडे आहे हे कळू लागल्यावर काम करणाऱ्यालाही बळ आले. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला हाच सर्वांत मोलाचा धडा आहे. विलंब प्रतिबंधाचा २००५ चा कायदा फाईल सात कामकाजी दिवसांपेक्षा जास्त अडवू नये असे सांगतो. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा सेवा वेळेत न देणाऱ्याला दंड लावतो. धाकाने टेबल रिकामे होते, उमेद येत नाही.

२०२५ मध्ये मंत्रालयातून सरकारी कार्यालयांच्या सुधारणेचा १०० दिवसांचा कार्यक्रम राबवला गेला आणि भारतीय गुणवत्ता परिषदेकडून त्याचे मूल्यमापन झाले. त्यात गुण मिळाले ते विभागांना आणि कार्यालयांना. ज्या लिपिकांनी आणि शिपायांनी ते मिळवून दिले, त्यांच्या वार्षिक अहवालात त्याची नोंद व्हायला हवी.