पार्श्वभूमी : १९३९चे चुंबकी सुरुंग आणि ‘डीगाउसिंग’ या शब्दाचा घोळ

सप्टेंबर १९३९ ते एप्रिल १९४० या काळाला ‘लुटुपुटूचे युद्ध’ म्हणायची पद्धत आहे. पण हे नाव पडले ते जमिनीवरच्या आघाडीकडे बघून. समुद्रावर लुटुपुटूचे काहीच चालले नव्हते. एकट्या नोव्हेंबर १९३९मध्ये जर्मन पाणसुरुंगांनी २७ व्यापारी जहाजे, म्हणजे सुमारे १ लाख २० हजार टन, बुडवली. टेम्स नदीत शिरायच्या तीन खोल वाटांपैकी एका टप्प्यावर एकच उघडी राहिली. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील हार्विचजवळ १८ नोव्हेंबरला एक डच प्रवासी जहाज बुडाले आणि २१ला एक जपानी. दोन्ही देश तेव्हा तटस्थ होते.

त्याच २१ तारखेला स्कॉटलंडच्या फोर्थ खाडीत एका कोऱ्या ब्रिटिश क्रूझरखाली स्फोट झाला. तिच्या तळाला पडलेले भोक लहान होते, पण कणा वाकला आणि ती युद्धात परतली थेट १९४२च्या अखेरीस. तळाच्या सुरुंगाचे काम असेच चालते. जुना सुरुंग साखळीला बांधलेला असतो, तो जहाजाच्या अंगाला लागून फुटतो आणि भगदाड पाडतो. चुंबकी सुरुंग समुद्राच्या तळाशी पडून असतो. त्याच्या स्फोटातून वायूचा फुगा वर येतो, जहाज मधोमध उचलले जाते आणि खाली आदळते. यंत्रांचे बिडाचे पाये तडकतात, नळ निखळतात. म्हणूनच हे हत्यार उथळ पाण्याचे, साधारण तीस मीटरच्या आतले. त्याहून खोल गेले की जहाजाचे चुंबकी क्षेत्र झपाट्याने क्षीण होते आणि धक्काही बोथट होतो.

कल्पना मुळात जर्मनांची नव्हे. ब्रिटिशांनीच १९१८मध्ये बेल्जियमच्या किनाऱ्यावर असे सुरुंग टाकले होते, आणि त्यातले बरेच वेळेआधीच फुटले. त्यानंतरच्या वीस वर्षांत त्यांच्यावरचा उतारा मात्र कोणी तयार करून ठेवला नाही. पाणसुरुंगांविषयीच्या १९०७च्या हेग कराराचे कलम तर ‘आपोआप फुटणाऱ्या स्पर्श-सुरुंगां’पुरतेच होते. ज्याला स्पर्श लागतच नाही तो त्यात बसतो का, यावर वाद घालता येतो. केवळ व्यापारी वाहतूक अडवण्यासाठी सुरुंग पेरू नयेत या दुसऱ्या कलमावर जर्मनी आणि फ्रान्स दोघांनीही सही करतानाच हरकत नोंदवली होती, हे सहसा सांगितले जात नाही. ब्रिटनने २७ नोव्हेंबरला सूड म्हणून तटस्थ जहाजांतला जर्मन निर्यात मालही जप्त करण्याचा हुकूम काढला. त्याचा भुर्दंड पुन्हा तटस्थांनाच.

सुरुंगाचे गुपित फुटले ते २२ नोव्हेंबरच्या रात्री. टेम्सच्या मुखाशी शूबरीनेसच्या चिखलात एका जर्मन विमानाने दोन सुरुंग टाकले आणि ओहोटीत ते उघडे पडले. चुंबकी यंत्रणा असावी असा संशय होता, त्यामुळे पोलादी हत्यार जवळ नेणे म्हणजे आत्महत्या. झाकणाच्या बोल्टांचा कागदावर ठसा घेऊन त्या मापाचा पितळी पाना रातोरात घडवला गेला. दुसऱ्या दिवशीच्या ओहोटीत दोघे काम करत होते, बाकीचे लांब उभे राहून प्रत्येक पायरी टिपून घेत होते. काही झालेच तर पुढच्यांना कुठपर्यंत पोचलो ते कळावे. स्फोटक-कळ आणि पूरक स्फोटक निघाले, सुरुंगाचा खोका पोर्ट्समथच्या नौदल तळावर गेला. आत क्षेत्राच्या उभ्या घटकातला बदल ओळखणारी चुंबकसुई होती. उत्तर गोलार्धात पृथ्वीचे क्षेत्र खाली झुकलेले असते, त्यामुळे तिथे बांधलेल्या जहाजाचा उत्तर ध्रुव तळाकडे येतो. सुई नेमकी तेवढ्याचीच वाट पाहत होती.

जहाजाचे क्षेत्र सुईला जाणवू नये म्हणून केलेल्या उपायांसाठी इथून ‘डीगाउसिंग’ हा शब्द रूढ झाला. गाउस हे क्षेत्राचे एकक, एका जर्मन गणितज्ञाच्या नावावरून. मराठीत याचे भाषांतर सर्रास ‘जहाजाचे चुंबकत्व काढून टाकणे’ असे होते आणि तिथेच गफलत आहे. काढून टाकले जात नाही, त्याच्यावर उलटे चुंबकत्व चढवले जाते. या एका नावाखाली किमान तीन वेगळी कामे मोडतात.

पहिले काम कॉइलचे. जहाजाभोवती तांब्याच्या तारेचे आडवे वेटोळे घालायचे आणि जहाजाच्याच डायनामोवरून त्यात एकदिश प्रवाह सोडायचा. सुरुवातीला तार कवचाच्या बाहेरून बांधली. लाटांनी ती उखडली, म्हणून पुढे आतून नेली. प्रवाह बंद की संरक्षण संपले. जोडणी उलटी झाली तर जहाज आधीपेक्षा जास्त चुंबकी. शिवाय कॉइल चालू झाली की होकायंत्र भरकटते, त्याला वेगळी भरपाई द्यावी लागते. कप्तानांची नाराजी यातूनच आली.

दुसरे काम पुसण्याचे, वायपिंग. दोनेक हजार अँपियर वाहणारी जाड केबल जहाजाच्या अंगावरून घासत वर ओढायची. लोखंडाला उलटा ठसा बसतो आणि जहाजावर काहीच उपकरण उरत नाही. लहान नौकांना हे सोयीचे, डंकर्कहून सैन्य परत आणण्याच्या वेळी अशा शेकडो नौका घाईघाईने पुसल्या गेल्या. पण लाटांचा मार आणि इंजिनाची थरथर यांनी ठसा काही महिन्यांत विरतो. पुन्हा मोजणी, पुन्हा पुसणे. तिसरे डीपर्मिंग, म्हणजे जहाजाला वेटोळी गुंडाळून, प्रवाहाची दिशा उलटसुलट करत तो उतरवत न्यायचा. ‘काढून टाकणे’ हा शब्द कुठे शोभलाच तर इथे, आणि तोही अर्धाच.

अर्धाच, कारण जहाजातले चुंबकत्व दोन प्रकारचे. एक बांधणीच्या वेळी लोखंडात मुरलेले कायमचे. दुसरे पृथ्वीच्या क्षेत्रामुळे त्या त्या ठिकाणी उमटणारे. दुसरे प्रवासात बदलत जाते. मुंबईला पृथ्वीच्या क्षेत्राचा उभा घटक इंग्लंडच्या निम्म्याहून कमी आहे, केरळच्या टोकाशी चुंबकीय विषुववृत्तावर तो शून्याला टेकतो आणि पुढे दक्षिणेला उलटतो. स्कॉटलंडच्या क्लाइड नदीवरील गोदीत नेमके जुळवलेले जहाज मुंबईच्या बंदरात आले की त्याची भरपाई गरजेपेक्षा जास्त झालेली. म्हणून प्रत्येक जहाजाला तळाशी संवेदक ठेवलेल्या पट्ट्यावरून चालवून तपासत आणि कोणत्या भागात किती अँपियर याचा तक्ता देत. (चुंबकी मोजमाप किती नाजूक असते हे आपल्याकडे ठाऊक होतेच: मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच अलिबागला हलवावी लागली.)

पेरलेले सुरुंग उडवायलाही युक्ती लागली. नाकात अजस्र विद्युतचुंबक बसवलेले जहाज पाठवून पाहिले. सुरुंग फुटायचे, पण फार जवळ. वेलिंग्टन विमानाला जवळपास पंधरा मीटर व्यासाचे कडे बसवून पाण्यावरून खाली उडवले, आणि गुप्ततेसाठी त्या यंत्रणेला बिनतारी उपकरणाचे नाव दिले. खरी चालली ती दोन जहाजांची जोडी. प्रत्येकामागे तरंगत्या केबलींची एक लांब आणि एक आखूड अशी जोडी, टोकांना उघडे विद्युतध्रुव, आणि मधले मंडल खारे पाणी पूर्ण करते. दोन्ही जहाजांनी एकाच क्षणी काही सेकंदांचा झटका द्यायचा. वेळ चुकली की मधला पट्टा साफ होत नाही. गोड्या पाण्यात ही पद्धत नीट चालत नाही.

जर्मनांनी मग सुईची दिशा उलटवली, काही जहाजे मोजून सोडणारी यंत्रणा बसवली, १९४०च्या शरदात आवाजावर फुटणारे सुरुंग आणले. १९४४मध्ये नॉर्मंडीसमोर पाण्याच्या दाबातील घटीवर चालणारे आले. ते सुरुंग काढणाऱ्या जहाजांना (स्वीपर) दाद देईनात, तेव्हा जहाजांना वेग कमी करण्याचे हुकूम सुटले. त्यातल्या बऱ्याच सुरुंगांत दाबाबरोबर चुंबकी कळही जोडलेली होती आणि दोन्ही इशारे मिळाल्याशिवाय ते फुटत नसत. त्यामुळे कॉइलचा प्रवाह तेव्हाही चालूच ठेवावा लागला.