बडोद्याचा एक निकाल आणि आरोग्यविम्याच्या प्रचाराचा इतिहास

मार्च 2023 मध्ये बडोद्याच्या जिल्हा ग्राहक मंचानं दिलेला एक निकाल देशभर गाजला. रुग्ण सलग 24 तास दाखल नव्हती, या कारणावरून विमा कंपनीनं क्लेम नामंजूर केला होता. नव्या उपचारांमुळे रुग्ण आता लवकर बरा होऊन घरी जातो, तेवढ्यावरून पैसे अडवता येणार नाहीत, असं मंचानं म्हटलं आणि सुमारे 44 हजार रुपये 9 टक्के व्याजासह द्यायला लावले. तक्रार 2017 सालची होती.

रावपुऱ्यात किंवा दांडिया बाजारात मेडिक्लेम घेणाऱ्याला ही 24 तासांची अट आधी कोण सांगतं? त्याच्या कानावर पडतात दोन गोष्टी: ‘कॅशलेस’ आणि कव्हरचा आकडा. काय ठळक छापायचं आणि काय बारीक अक्षरांत ठेवायचं, हे ठरवणं हा एक व्यवसाय आहे. आरोग्यविम्याच्या बाबतीत तो घडला अमेरिकेत. बडोद्याच्या कितीतरी मराठी घरांतली मुलं आज तिथं राहतात आणि तिथल्या इन्शुरन्सच्या तक्रारी आपण फोनवर ऐकतो. त्या तक्रारींचं मूळही या व्यवसायातच आहे.

क्लेम व्हिटेकर आणि लिओनी बॅक्स्टर या जोडीनं 1933 मध्ये कॅलिफोर्नियात ‘कॅम्पेन्स इन्कॉर्पोरेटेड’ ही कंपनी काढली. पैसे घेऊन राजकीय प्रचार करून द्यायचा, हा तिचा धंदा. 1945 मध्ये तिथले गव्हर्नर अर्ल वॉरन यांनी सक्तीच्या आरोग्यविम्याची योजना मांडली, तेव्हा डॉक्टरांच्या संघटनेनं या जोडीला गाठलं. त्यांनी वृत्तपत्रांना तयार अग्रलेख पुरवले आणि सक्तीच्या योजनेऐवजी लोकांनी स्वतःहून खासगी विमा घ्यावा, असा प्रचार चालवला. योजना पडली. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी साऱ्या देशासाठी तसाच प्रस्ताव ठेवला. 1948 च्या डिसेंबरमध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या देशव्यापी संघटनेनं प्रत्येक सदस्याकडून 25 डॉलर मागितले आणि हीच जोडी कामाला लावली.

त्या मोहिमेतलं एक पोस्टर मला फार बोलकं वाटतं. ल्यूक फिल्ड्स या इंग्रज चित्रकाराचं जुनं चित्र: आजारी मुलापाशी चिंतेत बसलेला डॉक्टर. खाली ओळ, ‘या चित्रापासून राजकारण दूर ठेवा’. ते दवाखान्यांच्या प्रतीक्षाखोल्यांत लागलं. ज्याला उपचार हवे आहेत त्याच्याच डोळ्यांसमोर, तो घाबरलेला असताना. सरकारी विम्याला ‘समाजवादी वैद्यक’ हे नाव चिकटवलं गेलं. शीतयुद्धाच्या त्या काळात एवढा शिक्का पुरेसा होता. ट्रुमन यांची योजना बारगळली आणि खासगी विमा हीच अमेरिकन रीत, ही समजूत पक्की झाली.

1965 मध्ये वृद्धांसाठी मेडिकेअर हा सरकारी विमा आलाच. पण तंत्र टिकलं. 1993-94 मध्ये क्लिंटन सरकारच्या आरोग्यविमा योजनेविरुद्ध ‘हॅरी आणि लुईस’ या जाहिराती आल्या: घरात बिलं चाळत काळजी करणारं साधं जोडपं. पैसे होते विमा कंपन्यांच्या संघटनेचे.

प्रचाराच्या या कारखान्याचं आतलं चित्र दाखवलं ते वेंडेल पॉटर यांनी. सिग्ना या मोठ्या विमा कंपनीचे ते जनसंपर्कप्रमुख होते. 2007 मध्ये व्हर्जिनियातल्या एका मोफत आरोग्य शिबिरात त्यांनी जत्रेच्या मैदानावर उपचारांसाठी रांगा लावलेली माणसं पाहिली. त्याच डिसेंबरमध्ये एका 17 वर्षांच्या मुलीच्या यकृत प्रत्यारोपणाला कंपनीनं नकार दिला. निदर्शनं झाल्यावर होकार आला, पण मुलगी काही तासांत गेली. त्या दिवसांत कंपनीच्या वतीनं बोलण्याचं काम पॉटर यांच्या खात्याचं होतं. पुढच्या वर्षी ते बाहेर पडले आणि 24 जून 2009 रोजी सिनेटच्या समितीपुढे त्यांनी साक्ष दिली: कंपन्या ग्राहकांना गोंधळात टाकतात आणि आजारी पडलेल्यांना झटकून टाकतात. त्याच वर्षी कंपन्यांची संघटना जाहीरपणे राष्ट्राध्यक्ष ओबामांच्या आरोग्यविमा सुधारणांना सहकार्य करण्याची भाषा बोलत होती आणि मागच्या दारानं त्या सुधारणांविरुद्धच्या प्रचारासाठी अमेरिकेच्या चेंबर ऑफ कॉमर्स या उद्योगांच्या संघटनेला 8.6 कोटी डॉलर देत होती. हे 2010 मध्ये उघड झालं. मला सर्वांत जास्त राग येतो तो या दुतोंडीपणाचा.

आपल्याकडची वाट वेगळी. 1973 पासून सर्वसाधारण विमा सरकारी होता आणि मेडिक्लेम 1986 मध्ये आला तो सरकारी कंपन्यांकडूनच. तो पोहोचायचा ओळखीच्या एजंटामार्फत. 1999 च्या कायद्यानं खासगी कंपन्यांना दार उघडलं, कंपन्यांच्या वतीनं क्लेम हाताळणारे टीपीए आले, 2006 पासून फक्त आरोग्यविमा विकणाऱ्या कंपन्याही आल्या. एजंटाच्या जागी हळूहळू ब्रँड बोलू लागला. गुजरातमध्ये 2012 पासून गरीब कुटुंबांसाठी सरकारी ‘मा’ कार्ड होतं, पुढे आयुष्मान आलं. मध्यमवर्ग मात्र बाजाराच्या भरवशावरच राहिला.

इथला प्रचार सरकारी योजनेविरुद्ध नाही, तो आकड्यांचा आहे. ‘98 टक्के क्लेम मंजूर’ हे वाक्य घ्या. ते बहुधा क्लेमच्या संख्येवर काढलेलं असतं. 3 लाखांच्या बिलातले 1 लाख 80 हजार मिळाले, तरी तो क्लेम मंजुरांतच मोजला जातो. कापलेले 1 लाख 20 हजार त्या टक्केवारीत कुठेच दिसत नाहीत. विचारायचं ते हे, की मागितलेल्या रकमेपैकी किती रक्कम दिली.

विमा नियामकानं (आयआरडीएआय) अलीकडे काही गाठी सोडवल्या आहेत. 2024 पासून कॅशलेसच्या विनंतीवर तासाभरात आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीवर 3 तासांत निर्णय द्यावा लागतो. सलग 60 महिने पॉलिसी चालू असेल, तर माहिती दडवल्याचा ठपका ठेवून क्लेम अडवता येत नाही. फसवणूक सिद्ध झाली तरच अडवता येतो. कंपनीच्या क्लेम समितीच्या मान्यतेशिवाय नकारही देता येत नाही. कंपनीकडे लेखी तक्रार करून दाद मिळाली नाही, तर गुजरातसाठी विमा लोकपालाचं कार्यालय अहमदाबादला आहे आणि तिथं शुल्क लागत नाही. आणि पॉलिसीसोबत ग्राहक माहितीपत्रक देणं बंधनकारक आहे: काय मिळेल, काय मिळणार नाही, वेटिंग पिरियड (सुरुवातीचा क्लेम न मिळण्याचा काळ) किती, हे त्यात सोप्या शब्दांत असतं. ते स्थानिक भाषेतही मागता येतं. हप्ता भरण्याआधी एजंटाकडून ते मागून घ्या आणि त्यातलं ‘काय मिळणार नाही’ हे पहिल्यांदा वाचा.