मुंबईच्या रेडिओवर खेळाच्या गप्पा का रंगल्या नाहीत?

पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर तासभर बसून बघा. कांगा लीगच्या ओल्या खेळपट्टीवर चेंडू थांबून येतो, तेव्हा पुढचा पाय किती टाकायचा यावर दोन निवृत्त गृहस्थ चहा गार होईपर्यंत वाद घालत असतात. हे मी रेडिओवर रोज ऐकेन. पण एफएम लावला की खेळाच्या वाट्याला येतात दोन गाण्यांमधली काही सेकंदं: धावसंख्या, एखादी कोटी, तिकिटं जिंकायची स्पर्धा. ४२ वेळा रणजी करंडक जिंकणाऱ्या, ‘खडूस’ हा शब्द कौतुकाने वापरणाऱ्या शहराला हे फार कमी आहे.

सुरुवात मात्र दणक्यात झाली होती. मुंबईचं नभोवाणी केंद्र १९२७ चं. १९३४ मध्ये हिंदू, मुस्लिम, पारशी आणि युरोपियन संघांच्या चौरंगी सामन्यांचं धावतं वर्णन बॉबी तल्यारखान यांनी केलं. ते इंग्रजीत बोलत आणि दिवसभर एकटेच बोलत; मध्ये थांबायचे ते जेवणाला आणि चहाला. १९४८-४९ मध्ये वेस्ट इंडिजच्या भारत दौऱ्यात माइक इतरांबरोबर वाटून घ्यायची वेळ आली, तेव्हा त्यांनी तो सोडला. माणूस विलक्षण, पण खेळावरचं बोलणं म्हणजे एकाने सांगायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, हे वळण तिथेच पडलं असं मला वाटतं. पुढे माजी कसोटीपटू विजय मर्चंट यांचा विविध भारतीवरचा क्रिकेटचा कार्यक्रम लोकप्रिय झाला. अभ्यासू आणि नेमका. तरीही बोलणारा एकच.

मराठीत बाळ ज. पंडितांनी समालोचनाचा पाया घातला. ते पुण्याचे, पण मुंबईच्या चाळींतही त्यांचा आवाज घरचाच होता. गॅलरीत ट्रान्झिस्टर, विकेट पडली की खालून ‘कोण गेला रे?’, आणि नाक्यावरच्या दुकानाबाहेर फळ्यावर खडूने लिहिलेला स्कोअर. लोक चर्चा करतच होते, फक्त ती रेडिओच्या या बाजूला व्हायची. आकाशवाणीने सामना घराघरांत पोचवला; सामन्यानंतरचं भांडण मात्र स्टुडिओत नेलं नाही. त्याच काळात क्रीडा पत्रकार वि. वि. करमरकरांनी महाराष्ट्र टाइम्समध्ये कबड्डी-खोखोला हक्काची जागा दिली होती. म्हणजे वाचक होता. तोच श्रोताही होता.

मग आला १९९५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही, असं त्यात म्हटलं होतं. हा खटला उभा राहिला तो १९९३ च्या हिरो कपच्या प्रक्षेपणावरून, म्हणजे क्रिकेटवरूनच. या निकालानंतर खासगी एफएमचा मार्ग मोकळा झाला, पण बातम्या आणि चालू घडामोडींना परवानगी मिळाली नाही. खेळाची माहिती त्यात मोडते का, हेही धूसर होतं.

त्यात पैशाचं गणित. खासगी एफएमच्या पहिल्या टप्प्यात परवाना शुल्क दरवर्षी १५ टक्क्यांनी चढत होतं. इतका बोजा डोक्यावर असताना खेळातला जाणकार नेमून तासभर बोलायला बसवायला कोण धजावणार? २००२ च्या सुमारास मुंबईत आलेल्या बहुतेक वाहिन्यांनी चित्रपटसंगीत धरलं. २००५ च्या धोरणात शुल्क उत्पन्नाच्या टक्केवारीवर आलं, तोवर सवय पक्की झाली होती. निवेदकाची निवड आवाजावर आणि हजरजबाबीपणावर होऊ लागली. हॅरिस शिल्डचे शालेय सामने मैदानावर जाऊन पाहिलेत का, हे कोण विचारणार?

सगळं खापर सरकारवर फोडता येत नाही. २०११ च्या धोरणाने खेळाची माहिती द्यायला मोकळीक दिली आणि स्थानिक स्वरूपाच्या स्पर्धांच्या थेट समालोचनालाही वाट ठेवली. मुंबईसाठी ही केवढी मोठी गोष्ट! आझाद मैदानावरचे शालेय सामने, प्रभादेवी-लालबागचे कबड्डीचे सामने, सगळं याच व्याख्येत बसतं. मी वर्षानुवर्षं कान लावून आहे. खासगी वाहिनीवर यातलं काही माझ्या कानी पडलेलं नाही.

कबड्डीच्या मैदानावर मात्र मंडळाचा एक जण हॅलोजनखाली माइक धरून उभा असतोच. ‘चढाईला सात नंबर... बोनस टिपलाय... कोपरारक्षक मागे सरकलाय, पट निघणार... निघाला!’ प्रत्येक खेळाडूचा संघ, गल्ली, गेल्या वर्षीची दुखापत त्याला पाठ असते. त्याचा आवाज भोंग्यातून समोरच्या दोन चाळींपर्यंत जातो.